पेशकारमामांची माशी

पेशकारमामांच्या तोंडून आयुष्यात कधी शिवी गेली नाही. कोर्टात उभं राहून त्यांनी सगळ्या तालुक्याच्या शिव्या ऐकल्या होत्या. जबानीत आलेल्या शिव्या हाकिमाला उर्दूत वाचून दाखवणं हे तर त्यांचं कामच होतं. पण त्यांच्या आवाजात त्या शिव्या अशा सोज्वळ होऊन बाहेर पडायच्या, की फिर्यादीला वाटावं, एवढ्यासाठी आपण उगाच आलो. असा हा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, रोज पहाटे कयाधू नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहायचा, हात जोडायचा, डोळे मिटायचा आणि अगदी मनापासून एक इंग्रजी शिवी द्यायचा.

"ड्यामिट."

ही शिवी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी हिंगोलीच्या शाळेत मास्तर, मिडलपर्यंत इंग्रजी शिकलेला, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहणारा. साहेबलोक वैतागले की हा शब्द पायातल्या जोड्यासारखा भिरकावतात, एवढं मला कळत होतं. पण इतक्या सोवळ्यात उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ सांगायला जीभ रेटावी कशी? आणि खरं सांगायचं, तर रोज सकाळी उठून ऐकण्यासारखं हिंगोलीत दुसरं होतं तरी काय?

हे सगळं सुरू झालं एका दुर्बिणीपासून. मामींचे गुडघे धरले होते, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणं बंद पडलं होतं. मामांच्या डोक्यात आलं, आपल्या माळवदावर दुर्बीण लावली तर शिखर तरी दिसेल. त्याच सुमारास छावणीतल्या एका जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. त्यात पत्र्याची एक लांब नळी होती, कातडी पट्ट्याची, दोन्ही तोंडं बंद. मामांनी ती हलवून पाहिली, आत काहीतरी खुळखुळलं. "काच आहे," ते म्हणाले आणि बोली लावून मोकळे झाले. घरी येऊन सगळ्या गल्लीसमोर उघडतात तो आतून निघाल्या तीन सडपातळ काठ्या, एकीत एक बसणाऱ्या, जोडाला पितळी टोप्या. सोबत दोरा गुंडाळलेली एक फिरकी आणि डबीभर गळ. गळांना पिसं बांधलेली होती. ती कसरीनं खाऊन टाकली होती.

"ह्याच्यातून नागनाथ दिसतो व्हय?" मामींनी विचारलं.

ज्याला त्याला विचारत मामा पोचले बाबूमियाँपाशी. बाबूमियाँ जुना खानसामा, छावणीत साहेबाच्या पदरी आयुष्य काढलेला, आता स्टेशनाबाहेर विड्या विकणारा. त्यानं काठी पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले. "ये तो मछली की लाठी है, पेशकारसाब. साहब इससे माशी फेंकते थे. नकली माशी. मछली समझती, असली है."

मामी दारातून ऐकत होत्या. माळकऱ्याच्या घरात मासळीची काठी! त्यांनी तिथल्या तिथे निवाडा दिला. "ठेवायची तर ठेवा. पण ह्या काठीनं एकबी जीव मरता कामा न्हाई. माळेला हात लावून बोला."

मामांनी माळेला हात लावला. "धरीन आणि सोडीन," ते म्हणाले. "नुसती मुलाखत."

बाबूमियाँनं पहिला धडा दिला तो त्यांच्याच अंगणात. "साहब पहले पानी देखते. फिर आसमान देखते. फिर बोलते, ड्यामिट. फिर फेंकते."

"जोरात बोलत?" मामांनी बारकाईनं विचारलं.

बाबूमियाँनं आठवून पाहिलं. "कभी ज़ोर से, कभी धीरे. पर बोलते दिल से."

साहेबाचा दोरा प्रत्येक वेळी मागच्या बाभळीत अडकत असणार, हे मला तेव्हाच कळलं. बाबूमियाँला मात्र साऱ्या जन्मात शंका आली नव्हती. त्याच्या लेखी ती बिस्मिल्ला होती, मामांच्या लेखी श्रीगणेशा झाली.

माशी म्हणजे माशी, असा मामांनी आधी सरळ अर्थ घेतला. गुळाच्या खड्यावर बसलेल्या खऱ्या माश्या टोपीखाली धरायच्या आणि डिंकानं गळाला चिकटवायच्या. मी शाळेतून यायचो तेव्हा कोर्टाचे पेशकार गुळाच्या ढेपेपुढे टोपी उगारून दबा धरून बसलेले असायचे. त्या माश्या फेकताना हवेतच सुटायच्या. पाण्यावर पोचायचा तो मोकळा गळ. नदीत जाळं टाकून बसणारा किसन भोई लांबून ओरडायचा, "मामा, मासं धरून राहिले का मासीला अंगुळ घालून राहिले?"

मग मामांनी पिसांची माशी बांधायचं मनावर घेतलं. बाबूमियाँनं सांगितलं, कोंबड्याच्या मानेचं पीस पाहिजे. आता माळकऱ्यानं कोंबड्याचं पीस उपटायचं तरी कसं? मामांनी तोड काढली: कोंबड्यानं आपण होऊन टाकलेलं पीस चालेल. गावाबाहेरच्या तांड्यावर एक तांबडा कोंबडा होता. सुट्टीच्या दिवशी पेशकारसाहेब, अंगात शेरवानी, डोक्यावर रुमाल, त्या कोंबड्याच्या मागे हात बांधून अदबीनं फिरायचे. कोंबडा उकिरड्यावर, मामा उकिरड्याच्या कडेला. तांड्यावरची एक म्हातारी शेवटी वैतागली. "पेशकार, पायजे तर घेऊन जा न कोंबडा. मागं मागं काहून फिरून राहिले? त्याचं अन्न गोड लागंना झालंय."

"त्याची मर्जी होऊ द्या," मामा म्हणाले.

कोंबड्याची मर्जी झाली. पीस आलं. मामींच्या डब्यातल्या हळदीत दोरा रंगवून मामांनी पहिली माशी बांधली. ती माशीसारखी दिसत नव्हती. हळद लागलेल्या नवरदेवाच्या मुंडावळीचा तुटका तुकडा वाटायची. मामा मात्र तिच्याकडे असे बघत बसले, की मामींनी कंदील त्यांच्यासमोरून उचलून नेला.

दोरा पाण्यावर तरंगावा म्हणून त्याला तूप लावायचं, हा शोधही त्यांचाच. रात्रीतून फिरकीला मुंग्या लागायच्या. "देवापुढं वात कोरडी अन् दोरीला लोणकढी," मामी म्हणायच्या. पण तुपाचं भांडं हाताशी येईल असंच ठेवायच्या.

फेकण्यात मात्र मामांना जन्मजात गती होती आणि त्याला कारण होतं. बाबूमियाँ म्हणाला होता, कोपर अंगाला लागून राहिलं पाहिजे, जसं काखेत काहीतरी दाबून धरलंय. पेशकाराचा सारा जन्म हाकिमासमोर खटल्याचे कागद मांडण्यात आणि पक्षकारांना तारखा देण्यात जातो. त्या कागदांच्या बस्त्याला मिसल म्हणतात. मामा नोकरीला लागल्यापासून काखेत मिसल घेऊनच चालत आलेले होते. जेवतानासुद्धा उजवं कोपर अंगाला चिकटलेलं. साहेबाला जे शिकायला वर्षं लागली असतील, ते मामांच्या हाडातच होतं.

मला त्यांनी शिकवलं ते खळ्यात, कोरड्या जमिनीवर. पहिल्या दिवशी मी माशी माझ्याच धोतरात अडकवली, दुसऱ्या दिवशी मामींच्या वाळत घातलेल्या कुरडयांत. मी दोरा मागे टाकला की लगेच पुढे ओढायचो. मामा माझं मनगट धरायचे. "मास्तर, मागं गेलेल्या दोऱ्याला त्याचं बोलणं पुरं करू द्या. तो सरळ होईस्तोवर थांबा. साक्षीदाराला मधी तोडलं की साक्ष बिघडते." मी नंतर पुष्कळ गोष्टी शिकलो आणि शिकवल्या; इतकं नेमकं कुणी काही सांगितलं नाही. पाण्यावर आपली सावली पाडायची नाही, वाळूत पाय आपटायचा नाही, पाण्याजवळ जायचं ते हाकिमाच्या दालनात शिरल्यासारखं, हेही त्यांनीच सांगितलं.

एवढं सगळं जमत होतं. फक्त मासा लागत नव्हता. एकही नाही. वर्षामागून वर्षं गेली, मामा पेन्शनीत निघाले, बाबूमियाँ अल्लाला प्यारा झाला, पण कयाधूतल्या एकाही माशाला मामांची हळदीची माशी खावीशी वाटली नाही. किसनच्या जाळ्यात टोपलीभर मासळी तडफडायची. तो परत जाताना विचारायचा, "मामा, निकाल?"

मामा दोरा गुंडाळत शांतपणे सांगायचे, "तारीख पडली."

"जाळं देऊ का? फुकट देतो."

"अरे, जाळ्यानं धरायचा म्हणजे वॉरंटानं धरायचा. आपल्याला त्यानं राजीखुशीनं हजर झालेला पाहिजे."

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा आला. निजामी अंमलाचे शेवटचे महिने होते. हे शेवटचे आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वाटांवर नाके बसले, झडत्या सुरू झाल्या. बंदूक सापडली की माणूस आत. मी मामांना म्हणालो, "काही दिवस नदी बंद ठेवू." ते म्हणाले, "मास्तर, आपण काय करतो? शुद्ध माशी फेकतो."

तिसऱ्याच पहाटे नाक्यावर आम्हांला अडवलं. ठाण्याला नवा अमीन आलेला होता, धिप्पाड, मिशा वर वळवलेल्या. पोलिसांनी पत्र्याची नळी त्याच्यापुढे ठेवली.

"बंदूक?" अमीनानं विचारलं.

"माशी," मामा म्हणाले.

अमीनानं नळी उघडली. काठ्या एकीत एक बसवून पाहिल्या, फिरकी फिरवली, पितळी टोप्यांवर नख वाजवलं. त्याचा चेहरा बंदुकीच्याही पुढे गेला. "ये तो वायरलेस का खंबा है!"

"न्हाई साहेब, मछली की लाठी आहे," मामा म्हणाले. घाईत त्यांच्या दोन्ही भाषा एकमेकींच्या पायांत यायच्या.

"माला पहने हो और मछली पकडते हो?" अमीन हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "ठीक है. चलो नदी पे. मछली निकली, तो लाठी आपकी. नहीं निकली, तो लाठी भी हमारी और आप दोनों भी हमारे."

त्या 'दोनों'त मीही आलो. ज्या माणसाला इतक्या वर्षांत एक मासा लागला नव्हता, त्याच्या पुढच्या माशावर आता आम्ही दोघे टांगलेले होतो. मामांनी मात्र उपरणं सारखं केलं आणि ते माझ्या कानात म्हणाले, "अर्जंट सुनावणी मिळाली."

डोहावर आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं. किसन जाळं बाजूला टाकून उभा राहिला. मामा धोतर खोचून पाण्यात उतरले. त्यांनी माशी बांधली. पाणी पाहिलं. आभाळ पाहिलं. आणि माझ्या लक्षात आलं आता काय होणार. अमीनाला इंग्रजी येत असेल तर? मी "मामा, मामा" म्हणेपर्यंत त्यांनी अमीनाकडे तोंड करूनच हात जोडले.

"ड्यामिट."

अमीनाच्या मिशा थरथरल्या. त्याला इंग्रजी येत होतं. "क्या बोले?"

"मंतर आहे साहेब," मामा म्हणाले.

"मंतर? किसने सिखाया?"

"छावणीच्या खानसाम्यानं. साहेबलोक हर बार बोलते थे. बोलल्याशिवाय फेकत नव्हते."

अमीन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर नदीत टाकली. तो वळून पाठमोरा झाला आणि त्याचे खांदे हलताना मी पाहिले. पुन्हा आमच्याकडे वळला तेव्हा तोंड कडक होतं, पण डोळ्यांत पाणी. "बोलो, बोलो," तो म्हणाला. "दिल से बोलो."

मामा बोलत गेले आणि फेकत गेले. दोरा मागे जाई, आपलं बोलणं पुरं करी, पुढे येई आणि हळदीची माशी पाण्यावर अशी उतरे की तरंगही उठू नये. मासा नाही. ऊन वर आलं. पोलीस वाळूत बसले. एकानं जांभई दिली. अमीन घड्याळ काढून बघू लागला.

आणि डोहाच्या पलीकडच्या काठाला, जांभळाच्या सावलीत, पाणी नुसतं उघडलं आणि मिटलं. माशी दिसेनाशी झाली.

मामा तसेच उभे राहिले. पुढे काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं! काठी वाकली, फिरकी किरकिरली, मामा मान वळवून मला विचारतात, "मास्तर, हे काय?"

"मामा, लागला! लागला न तुमचा बाप!" किसन पाण्यात उडी घेत ओरडला. "वढू नका! जाऊ द्या त्याला! आता घ्या! जाऊ द्या!" अमीनसुद्धा बुटांसकट पाण्यात आला होता आणि "आहिस्ता, पेशकारसाब, आहिस्ता!" असं सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता.

शेवटी तो मासा मामांच्या ओंजळीत आला. वीतभर लांब, चांदीसारखा, पाठीवर हिरवी झाक. किसन म्हणाला, "खवल्या हाय." एवढ्या वर्षांचा पक्षकार समोर हजर होता.

"वाह!" अमीन म्हणाला. "लाठी आपकी. लाओ, दोपहर का सालन हो गया." आणि त्यानं रुमाल पसरला.

मामांनी ओंजळ जवळ ओढली. "साहेब, मासा देता येणार न्हाई."

"क्यों?"

"घरी जबान दिलेली आहे. या काठीनं जीव मरायचा न्हाई."

वाळूवरचे पोलीस उठून उभे राहिले. त्यांच्यासमोर अमीनाला पसरलेला रुमाल रिकामा मागे घेता येईना. त्याचा चेहरा पुन्हा ठाण्यासारखा झाला. "सोच लो. मछली दी, तो लाठी लेके घर जाओ. नहीं दी, तो लाठी जप्त."

मी हलक्या आवाजात म्हणालो, "मामा, एकच तर मासा. मामींना कोण सांगणार आहे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, एखाद्या पक्षकारानं चुकीच्या खिडकीत अर्ज द्यावा, तसं. त्यांनी ओंजळ पाण्यात बुडवली, गळ काढला, माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि बोटं उघडली. तो क्षणभर तिथंच राहिला. मग गेला.

"सबूत छोड दिया?" अमीन म्हणाला.

"पेशी झाली, साहेब. हजर होता, आपण पाहिला. आता बाइज्जत बरी, सुटला."

अमीनानं आम्हांला सोडलं. काठी मात्र ठेवून घेतली.

घरी मामांनी मामींना सगळं सांगितलं. त्या दिवशी मामींनी पुरण घातलं, सण नसताना.

मामांची पहाट चुकली नाही. ते रिकाम्या हातानं नदीवर जायचे, कोपर अंगाला लावायचे, मंत्र म्हणायचे आणि नसलेली काठी हलवायचे. नसलेला दोरा मागे गेला की तो सरळ होईपर्यंत थांबायचे. किसन आता चेष्टा करत नव्हता. जाळं खांद्यावर टाकून हळूच विचारायचा, "मामा, निकाल?" आणि मामा म्हणायचे, "तारीख."

पावसाळा सरत आला आणि हिंदी फौजा आल्या. अंमल पालटला. ज्या रात्री ठाण्यातली माणसं निघून गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मामी सडा टाकायला दार उघडतात, तर उंबऱ्याशी पत्र्याची नळी उभी. आत तिन्ही काठ्या पुसलेल्या, पितळी टोप्या घासलेल्या. दोऱ्याला ताजं तूप. माश्यांची डबीही होती. तिच्यातली एक माशी कमी होती.

ती माशी आम्हांला सापडली. नदीच्या ठाण्याकडच्या काठावर एक बाभळ होती. तिच्या शेंड्याला, हात पोचणार नाही अशा जागी, हळदीचा पिवळा दोरा उन्हात चमकत होता.

मामा मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. "म्हणजे अमीनसाहेबांनी फेकून पाहिली," ते म्हणाले. "मागच्या दोऱ्याला थांबले न्हाईत. नव्या माणसाचं तेच होतं." मग जरा काळजीनं त्यांनी मला विचारलं, "मास्तर, मंत्र म्हटला असेल का हो त्यांनी?"

"म्हटला असणार मामा," मी म्हणालो. "माशी बाभळीत अडकल्यावर तर नक्कीच म्हटला असणार."

किसन चढून ती काढायला निघाला. मामांनी त्याला थांबवलं. "राहू दे. त्यांची तारीख पडलेली आहे."

त्याच हिवाळ्यात मामा गेले. दोन दिवसांचा ताप, फार काही नाही. राख सावडून आम्ही कयाधूवर आलो. मामी गुडघे धरून धरून नदीपर्यंत चालत आल्या. ज्यांना औंढ्याला जाता येत नव्हतं, त्या. भटजींनी त्यांचे मंत्र म्हटले. अस्थी पाण्यात सोडायच्या, तेवढ्यात मामींनी हात वर केला.

"मास्तर, त्यांचा मंतर म्हना की. त्याच्याबिगर ते पान्यात उतरत नव्हते."

भटजी माझ्याकडे बघू लागले. किसन डोक्याचं फडकं काढून उभा होता. मी गुडघाभर पाण्यात गेलो. पाणी पाहिलं. आभाळ पाहिलं. हात जोडले, डोळे मिटले आणि म्हटला. त्या शब्दाचा अर्थ मला पहिल्यापासून ठाऊक होता. त्या दिवशी तो बरोबर लागला.